कादंबरीचा समाजशास्त्रीय अभ्यास नेमका करायचा कसा? 'पण लक्षात कोण घेतो' हातात घेऊन पायरी-पायरीनं

एम.ए. मराठीच्या मुलामुलींचे लघुप्रबंध मी बरीच वर्षं वाचतेय, आणि त्यातले निम्मे तरी एकाच वाक्यानं सुरू होतात, साहित्य हा समाजाचा आरसा आहे. मग पुढे पन्नास-साठ पानं कादंबरीतून उतारे काढायचे, हे बघा हुंडा, हे बघा जातिभेद, हे बघा शेतकऱ्याचं दुःख, आणि शेवटी "लेखकाने समाजाचे वास्तव चित्रण केले आहे" असं लिहून मोकळं व्हायचं. मुलं मेहनत करतात, प्रश्न मेहनतीचा नाहीच. पण हा समाजशास्त्रीय अभ्यास नाही. समाजाबद्दलची माहितीच हवी असेल तर जनगणना आहे, सरकारी रिपोर्ट आहेत, वर्तमानपत्रं आहेत, मग कादंबरीच कशाला वाचायची? आणि आरसा म्हटलं की तो कोणी बनवला, कोणाच्या घरात टांगलाय, त्यात कोण दिसतं आणि कोणाला त्याच्यासमोर उभंच राहू दिलेलं नाही, हे सगळे प्रश्न गायब होतात. खरं काम तर तिथेच आहे.

म्हणून हा लेख. उदाहरण एकच धरते म्हणजे गोंधळ होणार नाही: हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. वाचली नसेल तरी चालेल, थोडक्यात सांगायचं तर पुण्यातल्या ब्राह्मण घरातली यमू आपली गोष्ट स्वतः सांगते, लहानपणी लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले थोडे मोकळे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीनं केलेलं केशवपन. मध्ये मध्ये दलित साहित्याकडेही वळावं लागेल, कारण काही गोष्टी तिथे जास्त स्पष्ट दिसतात.

पायरी १: विषय नको, प्रश्न घ्या

"अमुक कादंबरीतील समाजदर्शन" हा विषय आहे, प्रश्न नाही. प्रश्न तो, ज्याचं उत्तर शोधल्याशिवाय तुम्हालाही माहीत नसतं आणि जे चुकीचंही निघू शकतं. आपट्यांच्या बाबतीत असे प्रश्न बघा: विधवेची गोष्ट एका पुरुषानं "मी" म्हणून, बाईच्या आवाजात का सांगितली? ही गोष्ट साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली, त्याचा तिच्या घडणीवर काय परिणाम झाला? ज्या बायकांबद्दल ती होती त्यांच्यापर्यंत ती पोचली का, आणि कशी?

एकच प्रश्न निवडा. गाइड म्हणाले "व्याप्ती वाढवा" तरी आधी एकच निवडा, व्याप्ती नंतर आपोआप वाढते आणि मग आवरत नाही.

पायरी २: पुस्तक दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्यांदा साधं वाचा, रडू आलं तर रडा, कंटाळा आला तर कुठे आला ते पान लक्षात ठेवा. दुसऱ्या वेळी वहीत किंवा एक्सेलमध्ये रकाने करा आणि पान नंबरसकट नोंदी टाका. माझे रकाने साधारण असे असतात: पैसा कुठून येतो, घरात कोण कुठे बसतं-झोपतं, काम कोण करतं, कोण कुठे प्रवास करतं, कोण वाचतं-लिहितं, आणि कोणाला नावच नाही. हा शेवटचा रकाना कधीही गाळू नका. पाणी आणणारी, भांडी घासणारी, गाडी हाकणारा, निरोप घेऊन येणारा, ही माणसं पुस्तकात असतात पण नावाशिवाय, आणि लेखकाची सामाजिक नजर कुठे थांबते ते इथेच कळतं.

यमूच्या गोष्टीत जागांकडे नीट बघा. पुण्यातलं एकत्र कुटुंबाचं घर आणि मुंबईतलं नवराबायकोचं बिऱ्हाड यात बोलण्याची पद्धतच बदलते. पुण्याच्या घरात तरुण जोडप्याला दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची चोरी, मुंबईत तीच माणसं एकत्र बसून बोलतात, वाचतात. म्हणजे इथे सुधारणा हा नुसता विचार नाहीये, तिला एक वेगळं घर लागतं, घराला भाडं लागतं, आणि भाड्याला इंग्रजी शिकून मिळणारी मिळकत. ही साखळी मजकुरातूनच निघाली पाहिजे, तुम्ही बाहेरून आणून चिकटवली तर ती टिकत नाही.

पायरी ३: पुस्तक छापलं कोणी, कुठे, किती आणि कितीला

हा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि मला सगळ्यात जास्त जीव यातच वाटतो. फ्रान्समधले रोबेर एस्कार्पित यांनी १९५८ साली साहित्याच्या समाजशास्त्रावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यांचं म्हणणं साधं होतं: पुस्तक ही तयार होणारी, वाटली जाणारी आणि वापरली जाणारी वस्तू आहे, या तिन्ही टप्प्यांचा अभ्यास करा. ऐकायला रुक्ष वाटतं, करायला लागलं की चटक लागते.

'पण लक्षात कोण घेतो' आधी पुस्तक म्हणून आलीच नाही. आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यात 'करमणूक' नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ती क्रमशः येत राहिली. याचा अर्थ काय होतो बघा. लेखकच संपादक. वाचक आठवडाभर थांबणार, त्यामुळे प्रत्येक हप्त्याला आपलं वजन पाहिजे. आणि यमूची गोष्ट ज्या अंकात, त्याच अंकात शेजारी दुसरा मजकूर, म्हणजे घरात तो अंक आला की ज्याला कादंबरीशी देणंघेणं नाही त्याच्याही हातात ती पडणार. तुम्ही आजची आवृत्ती वाचून प्रबंध लिहिला तर हे सगळं हातातून निसटतं. म्हणून जमेल तिथे मूळ अंक बघा, निदान काही तरी, आणि कादंबरीचा हप्ता वाचून अंक मिटू नका, आधीचं पान आणि नंतरचं पानही वाचा.

शोधायचं कुठे? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, दोन्हीकडे जुन्या नियतकालिकांसाठी चौकशी करा. जाण्याआधी फोन करा, जुने अंक जीर्ण असतात आणि लगेच काढून देता येत नाहीत. दुसरं साधन शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची', १८०० पासूनच्या छापील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद एका माणसाच्या चिकाटीतून उभी राहिलीय, ती उघडून नुसती चाळली तरी त्या काळात कशाला मागणी होती याचा अंदाज येतो. तिसरं म्हणजे सरकारी कॅटलॉग. १८६७ च्या कायद्यानं छापलेलं प्रत्येक पुस्तक सरकारदरबारी नोंदवायला लागायचं आणि इलाख्याचं सरकार दर तिमाहीला यादी काढायचं, त्यात नाव, लेखक, छापखाना, किती प्रती, किंमत असा तपशील असायचा. इंग्रजांनी हे लक्ष ठेवायला केलं, आपल्याला ते अभ्यासाला उपयोगी पडतं. बऱ्याच याद्या आता स्कॅन झालेल्या सापडतात.

हेच 'बलुतं' या दलित आत्मकथनाबद्दल करून बघा. दया पवारांचं पुस्तक १९७८ मध्ये ग्रंथालीनं काढलं, आणि ग्रंथाली स्वतःला वाचक चळवळ म्हणवायची, पुस्तकं शक्य तितक्या कमी किमतीत थेट वाचकापर्यंत न्यायची ही त्यांची धडपड. मग प्रश्न तयारच आहे: महारवाड्यातलं जगणं सांगणारं पुस्तक मध्यमवर्गीय वाचकाच्या घरी ज्या वाटेनं पोचलं ती वाट कोणी बांधली, आणि त्या वाटेमुळे ते कसं वाचलं गेलं?

पायरी ४: लेखकाची जागा, पण जपून

जात, वर्ग, गाव, शिक्षण, पोटापाण्याचं साधन, मित्र, शत्रू हे सगळं लिहून काढा. आपटे ब्राह्मण, पुण्यात इंग्रजी शिकलेले, आगरकरांचा मोठा प्रभाव, आणि उपजीविका आनंदाश्रम या संस्थेच्या व्यवस्थापनाची, जिथे जुने संस्कृत ग्रंथ छापले जायचे. थांबा आणि हे परत वाचा. दिवसा संस्कृत पोथ्यांच्या संस्थेचं काम बघणारा माणूस केशवपनाविरुद्ध कादंबरी लिहितोय. "लेखक उच्चवर्णीय म्हणून त्याचे विचार असे" हे समीकरण इथे मोडतं, आणि मोडतं तेच बरं.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तेन नावाच्या समीक्षकांनी वंश, परिसर आणि काळ या तीन गोष्टींनी साहित्य समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. आपल्याकडचे बरेच प्रबंध अजून तिथेच अडकलेत, फक्त वंशाच्या जागी जात लिहितात. पुढे साहित्याचे समाजशास्त्रज्ञ ल्युसियँ गोल्डमान यांनी १९५५ मध्ये वेगळी वाट दाखवली. ते म्हणाले लेखकाच्या चरित्रातून थेट पुस्तकाकडे उडी मारू नका, तो ज्या गटात आहे त्या गटाची जगाकडे बघायची एक घडण असते आणि तिच्यातली ओढाताण पुस्तकाच्या रचनेत उतरते, ती शोधा. आपट्यांचा गट म्हणजे नोकरी इंग्रजांच्या राज्यातली, घर वडिलांच्या सत्तेतलं, डोक्यात मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत, आणि देवघरात सोवळं. या गटाला बदल हवा होता पण घर मोडायचं नव्हतं. आता कादंबरीचा शेवट बघा, यमूला सुटका मिळत नाही, पुनर्विवाह नाही, बंड नाही, ती झिजून मरते. सुधारकाच्या कादंबरीत सुधारणा का होत नाही? माझं मत असं की लेखकाच्या गटाला अन्याय पूर्ण दिसत होता, पण त्यातून बाहेर पडायची वाट त्यांना स्वतःच्याच घरात सापडत नव्हती. हे मत आहे, तुम्ही याच्या उलटही मांडू शकता, फक्त पानं दाखवून मांडा.

पायरी ५: दोन रकान्यांची टाइमलाइन

डावीकडे समाजातल्या घटना, उजवीकडे पुस्तकं. आपल्या उदाहरणाची साधारण अशी होते. १८५६ विधवा पुनर्विवाहाचा कायदा, आणि लगेच १८५७ ला बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', त्यातल्या नायिकेचंही नाव यमुना आणि विषयही विधवाच. १८८२ ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना', सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून पेटलेली. १८८४ पासून रखमाबाईंचा खटला, लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला म्हणून. १८८९ पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, विधवांसाठीची शाळा आणि निवास. १८९० कलकत्त्यातला फुलमणीचा खटला, नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेलेल्या बालवधूचा. मार्च १८९१ संमतिवयाचा कायदा, म्हणजे मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंधाचं किमान वय १० वरून १२, आणि त्यावरून पुण्यात विरोधातला टिळकांचा 'केसरी' आणि बाजूचा आगरकरांचा 'सुधारक' यांच्यात पेटलेलं रण. यमूची गोष्ट नेमकी याच महिन्यांमध्ये हप्त्याहप्त्यानं घरात येत होती! वाचणाऱ्याच्या एका हाताला टिळकांचा अग्रलेख, दुसऱ्या हाताला यमू.

आणि आता एक नोंद जी बहुतेक टाइमलाइनमध्ये नसते. १८९० मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी संप केला, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून. सत्यशोधक चळवळीतला माणूस, कामगारांचा नेता, आणि ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. ही नोंद टाइमलाइनवर टाकली की कादंबरीतला केशवपनाचा प्रसंग परत उघडून वाचावाच लागतो, न्हावी कुठे आहे? त्याला चेहरा आहे का, त्याला काही वाटतं का, तो बोलतो का? सगळा संघर्ष घरातल्या माणसांमध्ये आहे की घराबाहेरच्यांनाही त्यात वाटा आहे? लेखक वाईट होता असं यातून म्हणायचं नाहीये. त्याच वर्षी, त्याच अन्यायावर दोन वेगळ्या सामाजिक जागांवरून दोन वेगळ्या कृती झाल्या, एक कादंबरी आणि एक संप, आणि साहित्याच्या इतिहासात आपण एकच शिकतो. माझ्या मते पूर्ण प्रबंध या एका ओळीतून होऊ शकतो.

एक सावधगिरी: टाइमलाइनवर दोन गोष्टी शेजारी आल्या म्हणून एक दुसरीमुळे झाली असं होत नाही. "कायद्यामुळे कादंबरी लिहिली" असं लिहायचं तर लेखकाचं पत्र, अग्रलेख, काहीतरी पुरावा पाहिजे. नसेल तर "त्याच काळात" एवढंच लिहा.

पायरी ६: वाचक कोण होता

१९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात लिहितावाचता येणारे होते शंभरात साधारण ५, आणि बायकांमध्ये तर शंभरात एकसुद्धा पुरा नाही, ०.६ टक्के. हा आकडा ऐकला की विद्यार्थी म्हणतात, मग बायकांनी ही कादंबरी वाचलीच नसणार. पण आकडा सगळ्या देशाचा आहे, पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरातलं चित्र वेगळं होतं, आणि वाचणं म्हणजे एकटीनं डोळ्यांनी वाचणं एवढंच नसतं, एक वाचते आणि चार ऐकतात हेही वाचनच.

इथे बायकांची आत्मचरित्रं फार कामाला येतात. रमाबाई रानड्यांच्या १९१० मधल्या आठवणी घ्या, नवरा रात्री शिकवतोय आणि दिवसा घरातल्या बायका त्यावरून टोचून बोलतायत, हे वाचलं की 'वाचन' या शब्दाची किंमत कळते. काशीबाई कानिटकर तर आपट्यांच्या समकालीन लेखिका आणि स्नेही, नवऱ्याच्या इच्छेखातर वाचायला शिकलेल्या. असे उल्लेख गोळा करा, तारीख, जागा, कोण वाचत होतं, कोणी पुस्तक आणून दिलं, कोण रागावलं.

तुमचं पुस्तक आजचं असेल तर सरळ वाचकांकडे जा. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेत प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ मध्ये जे लिहिलं त्यात मोठी गोष्ट ही की त्या बायकांना पुस्तकातल्या गोष्टीइतकंच वाचायला बसणं महत्त्वाचं होतं, तेवढा वेळ घरानं त्यांना हाक मारायची नाही. आपल्याकडे गावातलं सार्वजनिक वाचनालय, महिला मंडळाची पुस्तकपेटी, एसटी स्टँडवरचा स्टॉल इथे असं काम करायला अजून पुष्कळ जागा आहे. दहा-बारा जणांशी नीट बोला, आधी विचारून रेकॉर्ड करा, नावं बदला, आणि "तुम्हाला पुस्तक आवडलं का" हा प्रश्न नका विचारू, त्याचं उत्तर नेहमी हो येतं. "कधी वाचता, कुठे बसून, कोणाकडून आणलं, नंतर कोणाला दिलं" हे विचारा.

पायरी ७: मैदान कोणाचं आहे

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांचा मुद्दा मराठीत सांगायचा तर: साहित्य हे एक मैदान आहे, त्यात आधीपासून उभे असलेले खेळाडू आहेत, नियम त्यांनी केलेत, आणि नवा येणारा एकतर नियम पाळतो नाहीतर नियमच बदलायला बघतो. हे समजायला पॅरिसला जायची गरज नाही. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं ग्रंथकारांचं पहिलं संमेलन झालं, आणि १८८५ च्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांना गेलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार दिला. त्यांचा आशय असा की जे लोक माणसांचे हक्क सगळ्यांना खुशीनं देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही. माझ्या दृष्टीनं मराठीत साहित्याच्या समाजशास्त्राची सुरुवात कुठल्या प्राध्यापकाच्या ग्रंथानं नाही, या पत्रानं झाली.

तोच धागा पुढे ओढा. १९५८ चं मुंबईतलं पहिलं दलित साहित्य संमेलन, अण्णाभाऊ साठे त्याचे उद्घाटक. १९६० च्या दशकाच्या शेवटी औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक, ज्यानं नवीन लिहिणाऱ्यांना छापायची जागा दिली. १९७२ चा नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा', त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. प्रस्तावना कोण कोणाला लिहितं, हे नेहमी तपासा. प्रस्तावना म्हणजे मैदानाच्या दारावरचा पास असतो कधीकधी, आणि कधी ती खरीखुरी मैत्री असते, बऱ्याचदा दोन्ही. तुमच्या पुस्तकासाठी यादी करा: प्रकाशक, प्रस्तावना, परीक्षणं कुठे आली आणि कोणी केली, पुरस्कार, अभ्यासक्रमात कधी लागलं, कधी काढलं. अभ्यासक्रमाच्या जुन्या पुस्तिका विभागाच्या कपाटात धूळ खात पडलेल्या असतात, त्या मागा.

पायरी ८: परत मजकुराकडे या

इथे न आल्यास सगळं काम पुस्तकाच्या भोवतीचं होतं, पुस्तकाचं नाही. समाज पुस्तकात विषय म्हणून येतो त्याहून खोल रूप म्हणून येतो. यमू "मी" म्हणते, घरातल्या बोलीत बोलते, आडवळणं घेते, मध्येच थांबते. विधवेबद्दल त्या काळात सगळे बोलत होते, शास्त्री, वकील, संपादक, सरकार, पण ती स्वतः बोलत नव्हती. कादंबरीनं तिला बोलतं केलं, आणि त्याच वेळी तिचा आवाज एका पुरुषाच्या लेखणीतून आला. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत, एकीसाठी दुसरी खोडू नका. ताराबाईंचा चिडलेला, थेट शिव्याशाप देणारा आवाज शेजारी ठेवून दोघींची वाक्यं मोजा, प्रश्न किती, हुकूम किती, माफी किती. बाईनं स्वतः लिहिल्यावर राग कुठे जातो आणि पुरुषानं तिच्या नावानं लिहिल्यावर राग कशात बदलतो, ते वाक्यरचनेतच सापडेल.

पायरी ९: लिहिताना

चॅप्टर पाडताना "सैद्धांतिक पार्श्वभूमी" म्हणून चाळीस पानं मार्क्स ते बोर्द्यू लिहू नका, गाइडनी आग्रह धरला तर दहा पानांत उरका आणि प्रत्येक सिद्धांत जिथे खरंच कामाला आला तिथेच त्याचं नाव घ्या. प्रत्येक विधानाशेजारी मार्जिनमध्ये खूण करा: म म्हणजे मजकुरातून, क म्हणजे कागदपत्रातून, अ म्हणजे माझा अंदाज. ज्या पानावर सलग अ दिसतील ते पान परत लिहा. सगळीकडे फक्त म असेल तर तुम्ही रसग्रहण करताय, सगळीकडे फक्त क असेल तर इतिहास.

वेळेचं म्हणाल तर सहा महिने हातात असतील तर पहिले दोन वाचन आणि नोंदी, पुढचे दोन ग्रंथालय आणि टाइमलाइन, शेवटचे दोन लिखाण, आणि ग्रंथालयाचा महिना मे-जूनमध्ये पकडू नका, सुट्ट्या, पाऊस, प्रवेशाची गडबड यात फेऱ्या फुकट जातात. दिवाळीनंतर जा. सोबत पेन्सिल न्या, काही ठिकाणी शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत, आणि फोटो काढायची लेखी परवानगी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.